दानियलसरांचा पडका महाल

दानियलसर गेल्याची बातमी मला धर्माजीने आणली. आणली तीसुद्धा कशी, तर सकाळी सकाळी दारात उभं राहून, मी दिलेला पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून त्याने विचारलं, "बाई, आता खालचा दगड कोण रंगवनार?" दुसऱ्या कोणाला हा प्रश्न वेड्यासारखा वाटला असता. मला मात्र एका क्षणात सगळं कळलं. आमच्या शाळेत चित्रकला शिकवणारे दानियल दिघोडकर, ज्यांच्याशी मी उभी नोकरी भांडण्यात घालवली, ते रात्री झोपेत गेले होते. दुपारच्या आत त्यांना मातीही दिली. पनवेलीत त्यांच्या समाजाची माणसं आता उरली आहेत किती... पण खाडीकाठून धर्माजीच्या गावचे लोक खांदा द्यायला आले होते. मिठागरातून तसेच उठून आलेले, पायांवर मीठ वाळलेलं. त्यांना बघून मला रडू फुटलं. तेवढंच काय ते रडले. या लेखात रडणार नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण या माणसाची गोष्ट रडत सांगितली तर तिच्यातली सगळी गंमत जाईल, आणि सर वरून माझ्याकडे बघून नाक मुरडतील.

स्वातंत्र्य मिळून एखाद-दुसरं वर्ष झालं असेल. मी लग्न होऊन पनवेलला आले आणि इथल्या शाळेत भूमिती शिकवायला लागले. त्याच जूनमध्ये सर रुजू झाले. मुंबईच्या चित्रशाळेत शिकलेले, पण मूळचे इथलेच, ज्यू समाजातले. त्यांच्या वाडवडिलांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणायची. बोलणं आपल्यासारखं, जेवणात नारळ आपल्यासारखाच. फक्त शुक्रवारी सूर्य कलला की हा माणूस सगळं काम खाली ठेवायचा आणि शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत खडूचा तुकडासुद्धा उचलायचा नाही. शनिवारच्या अर्ध्या शाळेचे त्यांचे तास मी घ्यायचे. शाळेत पहिल्याच दिवशी त्यांनी गोणपाटात गुंडाळून एक प्लास्टरचं मुंडकं आणलं. कोणा ग्रीक तरुणाचं, कुरळ्या केसांचं, नाक सरळ, डोळ्यांत बुबुळं नाहीत. मुलींनी मधल्या सुट्टीच्या आत त्याचं नाव आंधळा बुवा ठेवलं. सर म्हणाले की चित्रशाळेत वर्षानुवर्षं त्यांनी याच बुवाला समोर ठेवून रेघा मारल्या, आणि आता स्वप्नातसुद्धा ते त्याचंच नाक काढतात. मला तर तो बुवा फार आवडला. काय ते प्रमाण! कपाळाएवढं नाक, नाकाएवढी हनुवटी, सगळं कसं जिथल्या तिथे.

आमचं भांडण सुरू झालं ते मुलींना घेऊन मुंबईला गेलो तेव्हा. मुलींना समुद्रही दिसावा म्हणून उरणवरून मोऱ्याच्या बंदरात गेलो, तिथून लाँचने मुंबईच्या धक्क्यावर. मुंबईच्या कोट भागात ती पांढरी, रुंद पायऱ्यांची आणि उंच खांबांची इमारत आहे ना, तिच्यासमोर मी खुळ्यासारखी उभी राहिले. एकसारखे खांब, वर तो त्रिकोण, डाव्या बाजूला जे तेच उजव्या बाजूला. माझ्या पाठ्यपुस्तकातलं प्रमेय कोणीतरी चुन्यात उभं केलं होतं. मी मुलींना म्हटलं, बघा, याला म्हणतात इमारत. मग सरांनी आम्हाला चालवत चालवत दुसरीकडे नेलं, जिथे काळ्या दगडाचे टोकदार मनोरे आहेत, रंगीत काचा आहेत, आणि पन्हाळीच्या तोंडाशी दगडी जनावरं जबडे वासून बसली आहेत. तिथे मात्र सरांना पंख फुटले. हातवारे काय, उड्या काय! म्हणे, "बाई, ते तुमचे खांब बुद्धीला सलाम करतात. हे बघा, हे भीती वाटावी म्हणून बांधलंय, वारा यावा म्हणून, कोणीतरी इथे हरवावं म्हणून." मी म्हटलं, मला हरवायचं नाहीये, पाचची लाँच गाठायची आहे. विद्वान लोक एकीला नवअभिजात शैली म्हणतात आणि दुसरीच्या मागे जी ओढ आहे तिला स्वच्छंदतावाद. जीभ अडखळेल अशी नावं आहेत. आम्ही साधं म्हणायचो, बाईंची सरळ आणि सरांची वाकडी.

गंमत अशी की पोटासाठी सरांना आयुष्यभर माझी सरळच काढावी लागली. गावात एका तांदळाच्या व्यापाऱ्याने नवीन घर बांधायला काढलं आणि त्याला पुढची बाजू हवी होती कोटातल्या त्या इमारतीसारखी. सरांनी जुन्या चित्रांवरून खांब काढून दिले, खांबांच्या डोक्यावर पानांची नक्षी काढून दिली. शेटजींनी त्रिकोणात कमळावरची लक्ष्मी आणि दोन हत्ती घालायला लावले, आणि खरं सांगते, ते इतकं झकास दिसलं की गाव बघायला लोटलं. मग काय, ज्याला त्याला खांब हवेत. सर काढून द्यायचे आणि संध्याकाळी आमच्या ओटीवर येऊन चहा पिताना तोंड पाडून बसायचे. माझे यजमान त्यांना म्हणायचे की अहो, निम्म्या पनवेलवर तुमचा हात फिरलाय, आणखी काय हवं? सर म्हणायचे, "हात माझा, पण चित्र कुठे माझं? माझं असं एक तरी व्हायला हवं." त्या सुमारास त्यांच्या समाजातली घरं एकामागून एक बंद होत होती. माणसं बोटीत बसून इस्राएलला निघाली होती. सरांचं लग्न झालेलं नव्हतं, ते थोरल्या भावाच्या घरी राहायचे, आणि भावाचंही जायचं ठरलं. इथे मागे ठेवावं असं माझं आहे काय, असं सरच मला म्हणाले.

अशात धर्माजी म्हात्रे आला. उलव्याच्या बाजूचं, खाडीकाठचं गाव त्याचं. आगरी समाजातला, स्वतःचं मिठागर, आवाज असा की पलीकडच्या काठावरून हाक ऐकू यावी. गावच्या जत्रेतल्या नाटकात राजाचं काम वंशपरंपरेने त्याच्याकडे. नाटक गावच्याच मास्तराने रचलेलं: राजा दरबारात बसतो, राज्य गमावतो, वनवास भोगतो आणि शेवटच्या अंकात परत येतो. दर वर्षी मागे निळा साधा पडदा. धर्माजीला आता महालाचा पडदा हवा होता, शेटच्या घराला हायेत तसे खांब पायजेत, असं त्याने ठणकावून सांगितलं. सरांनी सुस्कारा सोडला आणि मला बरोबर घेतलं, कारण रेघा माझ्यासारख्या त्यांना मारता येत नसत. मांजरपाट शिवून ताणला, सरस आणि खडूचं अस्तर दिलं, आणि मी निळीत भिजवलेली दोरी ताणून फट् फट् रेघा मारल्या. खांबांच्या रांगा मागे मागे लहान होत गेल्या, थेट एका बिंदूत मिळाल्या. मी इतकी खूश होते की काय सांगू! माझी भूमिती रंगभूमीवर!

पहिला प्रयोग झाला आणि आमची फजिती झाली. सगळे खांब मागे लहान होत गेलेले, हे कागदावर ठीक. पण धर्माजीला ऐटीत मागून प्रवेश करायचा होता. तो पडद्याला लागून आत आला आणि त्याचं मुकुटासकट डोकं मागच्या खांबाच्या वर! राजा महालापेक्षा उंच. आधी पोरं हसली, मग बाया पदर तोंडात धरून हसल्या, आणि शेवटी खुद्द राणीचं काम करणारा सोनूही हसला. धर्माजी मात्र फुगला होता. त्याला वाटलं आपल्या रुबाबाला दाद मिळतेय. नंतर त्याला कळलं तेव्हा त्याने आम्हा दोघांशी काही दिवस अबोला धरला.

आणि मग त्या मंडळींनी जे केलं ते फक्त मिठागरवालेच करू जाणोत. जत्रा संपल्यावर पडदा ठेवायचा कुठे? घरात उंदीर, देवळात गळती. धर्माजीने तो गुंडाळून नेला मिठाच्या कोठारात आणि राशीवर ठेवून दिला. त्याचा हिशेब साधा होता, मिठात मासळी वर्षभर टिकते, मग कापड टिकायला काय हरकत? अख्खा पावसाळा आमचा महाल मिठात मुरत पडला. मीठ ओल खेचत राहिलं, आणि सरसाचा रंग म्हणजे काय, ओलीपुढे टिकतो थोडाच!

पुढच्या चैत्रातला तो शनिवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. सरांच्या भावाची बोट जत्रेनंतर सुटायची होती आणि सरांनीही आपली पेटी भरली होती. निरोपाचं म्हणून ते शुक्रवारीच, दिवस मावळायच्या आत, धर्माजीकडे जाऊन राहिले होते. मी यजमानांबरोबर शनिवारी दुपारी पोचले. मंडपात माणसं पडदा उलगडत होती. खांबांचे पापुद्रे सुटले होते. डावीकडची अर्धी रांग गळून गेली होती, वरच्या त्रिकोणाला भगदाड, निळा रंग ओघळून पायऱ्यांवरून खाली आलेला, आणि सगळ्यावर मिठाची पांढरी खर. माझी एकेक रेघ... मी कपाळावर हात मारला. धर्माजी तर लहान मुलासारखा रडवेला झाला होता. राजाच्या महालाची ही दशा, रात्री आसपासच्या गावांतून माणसं येणार, आणि हे अशुभ काय समोर टांगायचं?

मी पदर खोचला. रंग होते, दोरी होती, पाच-सहा तास होते. निदान पुढचे खांब तरी उभे करता आले असते. मी सरांना म्हटलं, तुम्ही नुसतं सांगा, मी करते. ते म्हणाले की आज मी करणार नाही आणि करवूनही घेणार नाही, चांदण्या दिसू देत. अहो, मी इतकी चिडले! तुमच्या चांदण्या दिसेपर्यंत लोक येऊन बसतील, म्हटलं. सर शांतपणे एक पाट घेऊन पडद्यासमोर बसले आणि बघत राहिले. नुसते बघत. मी चार वेळा येरझाऱ्या घातल्या, यजमानांनी डोळ्यांनी गप्प केलं, म्हणून शेवटी मीही धुसफुसत त्यांच्या बाजूला टेकले. ऊन मंडपाच्या फटींतून पडद्यावर सरकत होतं. आणि मग हळूहळू मला दिसायला लागलं ते मला कबूल करायचं नव्हतं. गळलेल्या खांबांच्या मागे आता आकाश होतं. ओघळलेली निळाई पायऱ्यांवर चढत आलेल्या पाण्यासारखी दिसत होती. मिठाची खर म्हणजे चक्क चांदणं. हातात ब्रश असता तर सरांनी तो कधीच चालवला असता, आणि आम्ही दोघांनी मिळून तो महाल दुरुस्त करून ठेवला असता. शनिवार होता म्हणून बघावं लागलं. दिवेलागणीला सर माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे असे चमकत होते की मला भीतीच वाटली. "बाई," ते म्हणाले, "आपण काढला तो महाल होता. हे माझं चित्र आहे."

मग एकच धांदल! धर्माजी ऐकेना. आमी काय भिकारी हाय का, पडक्या वाड्यात राजा कसा बसनार, असं त्याचं चाललं होतं. सरांनी त्याला समजावलं की पहिले अंक जुन्या निळ्या पडद्यापुढे कर. हा पडदा फक्त शेवटी, राजा वनवासातून परत येतो तेव्हा. इतकी वर्षं राजा नसताना महाल तसाच लखलखीत कसा राहील? धर्माजी विचार करायला लागला आणि तेवढ्यात आकाशात चांदण्या दिसल्या. सर उठलेच! पुढे निळा पडदा, त्याच्यापुढे नाटक रंगलेलं, ढोलकी वाजतेय, राजा गरजतोय, आणि मागे कंदिलाच्या उजेडात आम्ही दोघं हातापायांना रंग फासून. सर शिडीवरून उड्या मारत होते. आयुष्यभर आंधळ्या बुवाचं नाक काढलेला तो हात त्या रात्री असा सुटला होता! तुटलेल्या खांबातून पिंपळ फुटला, त्रिकोणाच्या भगदाडातून चंद्र आला. तळाशी, अगदी रंगमंचाला लागून, त्यांनी पडलेले दगड रंगवले, माणसाच्या कमरेएवढे मोठे. उरलेल्या खांबांवर माझ्या काही निळ्या रेघा अजून ताठ दिसत होत्या. सरांनी ओला बोळा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुमची रेघ तुम्हीच पुसा. माझ्याच्यानं होणार नाही." मी पुसली. आधी एकच रेघ, जपून, आणि मग, देवाशपथ सांगते, मजा यायला लागली. बाहेरून कोणीतरी ओरडलं की वनवास संपत आलाय, आणि सरांनी शेवटचा फटकारा मारून शिडी ओढून घेतली.

निळा पडदा बाजूला गेला. एवढा जमाव, रडणारी पोरं, भुईमुगाच्या शेंगा फोडणारे म्हातारे... सगळं एकदम गप्प. धर्माजी मागून आला, त्या मोठ्या दगडांच्या बाजूने, आणि पहिल्यांदाच तो माणसाएवढा दिसला. लहान, दमलेला, एवढ्या मोठ्या पडझडीपुढे एकटा. रंगवून झाल्यावर त्याने पडदा पुढून पाहिलाच नव्हता. त्याने बघितलं आणि भाषण विसरला. प्रेक्षकांकडे चक्क पाठ करून तो उभाच राहिला. नाटकात असं कोणी करतं का? पण कोणी हसलं नाही. बाया डोळे पुसत होत्या. मी हे बाजूच्या फटीतून बघत होते, वळून सरांकडे बघितलं तर ते कंदील हातात धरून लहान मुलासारखे हसत होते.

भावाची बोट सुटली, सर गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, आता कसा जाऊ, ते अजून पडायचं बाकी आहे. मला वाटलं चेष्टा करतात. पण पुढच्या वर्षी पाहिलं तर पडदा पुन्हा मिठाच्या कोठारातच ठेवलेला, आणि तो सरांच्या सांगण्यावरून! वरचा आणखी थोडा भाग गळला होता. सरांनी तो दुरुस्त केला नाही. त्यांनी एवढंच केलं की वरून जे गेलं तेवढा एक दगड खाली रंगवला. गेलं कुठेच नाही, खाली आलं, असं म्हणून ब्रश धुऊन ठेवला. तेव्हापासून हा रिवाजच पडला. नाटक जत्रेच्या शनिवारीच होणार, पडदा दुपारी उलगडणार, चांदण्या दिसेपर्यंत त्याला कोणी हात लावणार नाही, सर पाटावर बसून बघणार, आणि मग खालचा दगड. वर्षामागून वर्षं खांब कमी होत गेले आणि खालची दगडांची रास वाढत गेली. गावातली खांबांची घरं जुनी झाली, पनवेलला आगगाडी आली, माझे केस पांढरे झाले. दर वर्षी मी सरांना म्हणायचे की एवढा एक खांब तरी मला सरळ करू द्या, आणि ते म्हणायचे, भूमितीचा तास संपला बाई.

सर गेल्यावर काही आठवड्यांतच जत्रा आली. मी जाणार नव्हते. धर्माजी बैलगाडी घेऊन दारात आला, आता वाकलाय तोही, राजाचं काम मुलाला दिलंय. मंडपात पडदा उलगडलेला होता आणि समोर पाट मांडलेला. शेवटचा जो एक खांब उभा होता, त्याच्या डोक्यावरची पानांची नक्षी यंदा गळली होती. ती पानं माझी होती, पहिल्या वर्षी कंपास लावून काढलेली. रंग कालवलेले होते, ब्रश शेजारी ठेवला होता. मला कसला आलाय शनिवार, मी लगेच उठून करू शकले असते. पण पाटावर बसले आणि बघत राहिले. ऊन सरकलं, दिवे लागले. कोणी घाई केली नाही. धर्माजी मंडपाबाहेर जाऊन वर बघत उभा होता. "दिसल्या बाई," तो म्हणाला. मग मी ब्रश घेतला आणि राशीच्या कडेला, पट्टी न लावता, दोरी न मारता, एक दगड रंगवला. त्यावर ती पानंही काढली, अर्धी मातीत गेलेली.

धर्माजीने कंदील जवळ आणून बघितलं. मग जरा भीतभीतच म्हणाला, "वाकडा झालाय."

"होऊ दे," मी म्हटलं, आणि ब्रश धुवायला पाणी मागितलं.